नकाशातून सुटलेली पांदण

ज्या गावांचे नकाशे मी काढत होते, त्यांतलं एकही गाव मी पाहिलेलं नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नागपुरात मृदसंधारणाच्या एका कार्यालयात मी अनुरेखक म्हणून लागले, तेव्हा बावीस वर्षांची होते. घर जरीपटक्याच्या अलीकडे, बौद्ध वस्तीत, बाबा गिरणीत कामाला. आरेखनाचा कोर्स करून सरकारी टेबल मिळवलेली आमच्या गल्लीतली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे सकाळी सायकल काढली की चार दारांतून लोक बघत. टेबल मिळाल्याचा आनंद मलाही होता. पण त्या टेबलापाशी बसवायचं नाही.

काम असं. कृषी सहायक गावात जाऊन मोजणी करायचे आणि पेन्सिलीनं भरलेला मोठा कागद आणून द्यायचे. त्याला आम्ही फील्ड शीट म्हणत असू. त्यावर निळसर, खळ दिलेलं ट्रेसिंगचं कापड अंथरायचं, वरून पावडर फिरवायची आणि खालची रेघ न् रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची. मग त्या कापडावरून अमोनियाच्या यंत्रात प्रती निघत. त्या वासानं व्हरांड्यात डोळे चुरचुरायचे. प्रतींवर साहेबांच्या सह्या झाल्या की योजना मंजूर, आणि मंजुरी मिळाली की गावात कुदळ लागे.

मुख्य आरेखक माझ्या समोरच्या टेबलावर बसत. सगळं हाताचं काम मी त्यांच्याकडून शिकले. वळणाची रेघ काढताना श्वास कधी धरायचा आणि कधी सोडायचा, हेसुद्धा त्यांनी दाखवलं होतं. कमी बोलणारे, पांढऱ्या सदऱ्याचे गृहस्थ. मी तासाभरात तीनदा उठले की चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "रेषेला बसलेला माणूस लागतो, बाई." मी बसे. पण मोजणीहून परतलेले सहायक आले, त्यांच्या मानेवरचं रापलेलं कातडं आणि चपलांना लागलेली काळी माती दिसली की माझं लक्ष उडायचं. बोडी नावाचा लहान तलाव मी पन्नास वेळा काढला असेल. त्याच्या काठाला उभं राहिल्यावर काय दिसतं, ते मला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी गुरंवाल्यांसाठी कुरणांची योजना आली. गावच्या गायरानाभोवती चर खोदायचा, चराच्या मातीवर कुंपणाला काटेरी घायपात लावायचं, आत गवताचं बी पेरायचं आणि दोन पावसाळे आत एकही जनावर सोडायचं नाही. बी आणि चराची मजुरी सरकारची, कापून नेलेलं गवत गुरंवाल्यांचं. अट एवढीच की सीमा मंजूर नकाशाप्रमाणे जशीच्या तशी राहिली पाहिजे. राहिली तर पुढल्या वर्षी दुसरा हप्ता, नाहीतर नाही. योजना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. गायरानं त्या वेळी अगदी उघडी पडली होती, पहिल्या सरीतच त्यांची माती नाल्यात जायची.

मार्चअखेर जवळ आली आणि सगळे नकाशे एकदम लागले. निधी परत जाईल म्हणून साहेब दिवसातून चारदा आमच्या खोलीत डोकावत. कुही तालुक्यातल्या एका गावाची फील्ड शीट माझ्याकडे आली, ती चार घड्या घातलेली. सहायकानं ती सायकलच्या पिशवीतून आणली होती. मी ती दुपारच्या एका बैठकीत उतरवली. मला आठवतं, त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिडकीबाहेर कुठल्या तरी दौऱ्याची जीप तयार होत होती, माणसं पाण्याच्या सुरया ठेवत होती, आणि मी हातातलं पेन चालवत मनानं जीपमध्ये होते. मुख्य आरेखकांनी कापड उचललं, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एकदा नजर फिरवली, 'तपासले' लिहून सही केली. त्यांच्या टेबलावर आणखी अकरा कापडं होती.

मे महिन्यात त्या गावात चर झाला. जूनमध्ये बी पडलं. मी दुसऱ्या तालुक्याचे नाले काढत होते.

श्रावणात त्या गावाहून एक अर्ज आला. अर्ज शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेला असावा, अक्षर सुबक होतं. खाली पहिला अंगठा एका बाईचा, मग इतर गुरंवाल्यांचे. गायरानातून गावची पांदण, म्हणजे जनावरांची आणि बैलगाडीची जुनी वाट, पलीकडच्या बोडीकडे आणि झुडपी जंगलाकडे जाते. चर खोदताना ही वाट मोकळी ठेवू असं तोंडी सांगितलं होतं, पण चर वाटेवरूनच नेला. आता बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान उभं असल्यानं जनावरं न्यायला दुसरा रस्ता नाही. एक गाभण गाय चरात पडून तिचा पाय मोडला आहे. तरी वाट मोकळी करून द्यावी. असा तो अर्ज.

कारकून माझ्याकडे मंजूर नकाशा मागायला आला. मी कपाटातून काढून दिला. नकाशात पांदण नव्हती. त्यानं तसं टिपण लिहिलं, साहेबांनी त्यावर 'मंजूर नकाशात पांदण दर्शविलेली नाही, अर्ज दप्तरी दाखल करावा' असा शेरा मारला, आणि अर्धा तास होत नाही तोच ते प्रकरण संपलं.

मला मात्र कुठे तरी टोचत राहिलं. कारकून गेल्यावर मी मूळ फील्ड शीट शोधून काढली आणि टेबलावर पसरली. घडीच्या बरोबर रेषेवर, कागद जिथे मळून काळपट झाला होता तिथे, तुटक तुटक पेन्सिलीची रेघ होती. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पांदण, बारा फूट.' मी ती घडी समजले होते. समजलेही नव्हते, पाहिलीच नव्हती.

 दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस. मी शीट आणि नकाशा दोन्ही मुख्य आरेखकांसमोर ठेवले आणि त्या रेघेवर बोट टेकवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, बराच वेळ पाहिलं.

"अर्ज दप्तरी दाखल झाला ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"मग तुम्ही आता नवीन काम घ्या."

"सर, गाय पडली आहे तिथे. चूक माझी आहे."

"नकाशाच्या खाली 'तपासले' म्हणून सही कोणाची आहे?"

"तुमची."

"हं," ते म्हणाले आणि शीटची गुंडाळी करून त्यांनी तिला दोरा बांधला. गाठ त्यांनी नेहमीपेक्षा घट्ट मारली.

रविवारी सकाळी मी आईला सांगितलं की कुहीला जाते. आई चुलीपाशी होती.

"तुले कोनं बोलावलं काय?"

"नाही."

"मंग काहून चालली?"

"घरी राहवत नाही मला."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तुले कुठंच राहवत नाही," ती म्हणाली, पण दोन पोळ्या आणि जवसाची चटणी बांधून दिली. कार्यालयातली मोजणीची फीत मी आदल्या दिवशीच पिशवीत टाकली होती. कोणाला न विचारता.

कुहीपर्यंत एसटी, तिथून दोन कोस चालत. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, बाया निंदणाला वाकलेल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या साडीतल्या एकट्या मुलीकडे त्या सरळ होऊन पाहत. गावात शिरल्यावर मी अर्जातल्या पहिल्या अंगठ्याचं नाव विचारलं. लोकांनी आखराकडे हात केला. गावची ढोरं सकाळी जिथे एकत्र होतात ती मोकळी जागा म्हणजे आखर. तिथेच कडेला तिचं घर होतं.

पन्नाशीची बाई. काष्ट्याचं लुगडं, हातात काठी, पायांत टायरच्या चपला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वतःची आठ-दहा गवळाऊ जातीची जनावरं आणि त्यांच्याबरोबर गावातली इतरांची ढोरं, असं सगळं तीच चारायला न्यायची.

"कोन वं तू?"

"नागपूरहून आले, मावशी. मृदसंधारणाच्या ऑफिसातून. तुमचा अर्ज आला होता."

"रविवारी हापिस राहते काय?"

"नाही. मी अशीच आले."

"सायेब नाई आला?"

"नाही. मीच."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नागपुरात कुठे राहते ते विचारलं, मी सांगितलं. पुढे तिनं काही विचारलं नाही. गडव्यानं वरून पाणी ओतलं, मी ओंजळीनं प्याले. त्या गावात उन्हातून आलेल्या कोणालाही असंच पाणी देतात, की माझा पत्ता ऐकून दिलं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. मी पदरानं तोंड पुसलं आणि तिच्या मागे निघाले.

वाटेत बांधावरच्या एका माणसानं हाक मारली. "आनलं काय गं बाई सरकारले?" त्याच्या आवाजात हसू होतं. तिनं मान वळवली नाही. थोडं पुढे गेल्यावर मात्र आपणहून बोलली.

"योजनेले पयला अंगठा माहा. बाकीचे नाई म्हनत होते. मीच सांगतलं त्याईले, दोन वर्सं कळ काढा, मंग गवत कमरेएवढं होईन, आन् पांदन तं मोकळीच राहीन. सायेबानं तसंच सांगतलं होतं मले. आता समदे माह्यावर बोट दाखवून राहिले."

गायरान आलं. मी माझा नकाशा ओळखला. चराची कडा, घायपाताची रोपं, कोपऱ्यातलं मोहाचं झाड, सगळं माझ्या शाईबरहुकूम होतं, आणि आत गवताचं नवं पातं सगळीकडे वर आलं होतं. हे सगळं पाहून मला क्षणभर आनंद झाला, तो लपवून काय उपयोग. मग ती जागा आली. खुरांनी पिढ्यान्पिढ्या घासून खोल झालेली वाट सरळ चराच्या काठापर्यंत येत होती आणि चराच्या पलीकडून तशीच पुढे जात होती. मध्ये कमरेएवढा खोल, गढूळ पाण्यानं भरलेला खड्डा. काठाच्या चिखलात घसरल्याचा लांब ओरखडा अजून दिसत होता.

"इथंच पडली," ती म्हणाली. "जनावराले काय माहीत नकाशा. ते आपल्या वाटंनं चाललं."

"तुम्ही चर बुजवला का नाही?"

"बुजवू म्हनलं. तं तुमचा मानूस म्हने, हात लावला तं दुसरा हप्ता गेला समजा. मंग बाकीच्याईनं मले बुजवू देल्ला नाई."

मी फीत हातात धरून उभी होते. वाटेत येताना मी ठरवलं होतं की आधी पाहू, मोजू, मग सांगायचं की नाही ते ठरवू. पण तो ओरखडा पाहिल्यावर तसं करता आलं नाही.

"मावशी, हा नकाशा मी काढला. मोजणीच्या कागदावर पांदण होती. माझ्याकडून सुटली."

"सुटली म्हन्जे?"

मी कापड, शाई, घडी, पेन्सिल असं सगळं सांगितलं. ती काठीवर दोन्ही हात टेकून ऐकत होती.

"रेघ तुले दिसली नाई."

"मी नीट पाहिलं नाही."

ती वळली. काठी टेकवत चरात उतरली, पाण्यातून पलीकडे चढली आणि तिथून म्हणाली, "ये."

मी साडी खोचून उतरले. मांडीपर्यंत पाणी लागलं. पलीकडे चढताना मी घसरले, तिनं काठीचं टोक पुढे केलं. मग पलीकडच्या टोकाचा चरही तसाच ओलांडून तिनं मला पूर्ण पांदण चालवली, बोडीच्या काठापर्यंत, आणि येताना मुद्दाम दुसऱ्या बाजूनं आणलं, ज्या बाजूनं ती हल्ली जनावरं नेत होती. हातभर रुंदीचा बांध, दोन्हीकडे धान. तिच्या मागून चालताना मला समजत होतं की इथून तीस ढोरं नेणं म्हणजे काय. एक जनावर वाकलं की कोणाचं तरी धान तोंडात, मग भांडण, मग कोंडवाडा. पांदणीनं जायला पाव तास लागला होता. या वाटेनं तासाच्या वर गेला. 

पुन्हा चराशी आल्यावर मी फीत काढली. तिनं न सांगता टोक धरलं. दोन्ही काठांवर वाटेची रुंदी घेतली, मोहाच्या झाडापासूनचं अंतर घेतलं, वहीत आकडे लिहिले. वही गुडघ्यावर टेकवून लिहिल्यानं आकडे वेडेवाकडे आले.

"आता गाय पाह्य," ती म्हणाली.

गोठ्यात गाय तणसावर, धानाच्या वाळल्या काडावर, आडवी होती. पुढच्या पायाला बांबूच्या कमच्या बांधलेल्या. पांढरी, लांब तोंडाची, डोळ्यांना काजळ घातल्यासारख्या कडा. चार माणसं मिळून तिला दिवसातून दोनदा कुशीवर फिरवत होती, असं ती म्हणाली. माझा हात धरून तिनं गायीच्या पोटावर ठेवला. आतून काही तरी सरकलं.

"हालते अजून," ती म्हणाली. मग विचारलं, "आता तू काय करशीन?"

"उद्या लिहून देईन की चूक माझी आहे."

"लिहून देल्यानं चर बुजते?"

"लगेच नाही."

"किती दिस लागतीन?"

"मला माहीत नाही, मावशी."

तिनं मान हलवली. निघताना तिनं मला पेलाभर दूध दिलं. मी ते उभ्या उभ्याच संपवलं.

सोमवारी मी अर्धं पान लिहून आणलं होतं. फील्ड शीटवर दर्शविलेली पांदण घाईमुळे अनुरेखनात सुटली, त्यास मी जबाबदार आहे, असं. मुख्य आरेखकांना दाखवल्याशिवाय पुढे देणं मला बरं वाटेना. त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"माझी सेवा सहा महिने उरली आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हा कागद वर गेला की पहिला प्रश्न मलाच विचारतील. इतकी वर्षं एका सहीवरून मला कोणी काही विचारलेलं नाही."

"सर, मी काल तिथे जाऊन आले. गायीच्या पोटाला हात लावून आले."

"मला गायीचं सांगू नका," ते म्हणाले आणि उठून व्हरांड्यात गेले. त्या दिवशी ते परत खोलीत आले नाहीत.

साहेब दौऱ्यावर होते, त्यामुळे कागद माझ्या पिशवीतच राहिला. मंगळवार मी कसा काढला ते सांगता येत नाही. एक नाला तीनदा चुकला. ब्लेडनं शाई खरवडताना कापडाला भोक पडलं. ज्या माणसानं मला पेन धरायला शिकवलं, त्याच्या शेवटच्या सहा महिन्यांवर मी डाग पाडणार होते, आणि नाही पाडला तर ती बाई रोज त्या बांधावरून चालणार होती. मी दर थोड्या वेळानं उठून पाणी पिऊन येत होते. शिपायानं विचारलं, तब्येत ठीक नाही का.

बुधवारी सकाळी मुख्य आरेखक माझ्या टेबलाशी आले. हातात त्यांच्या सुरेख, तिरक्या अक्षरातला एक कागद होता. नकाशा मूळ शीटशी न ताडता आपण 'तपासले' असा शेरा दिला, असं त्यात लिहिलं होतं.

"दोन्ही एकत्र पाठवू," ते म्हणाले. "तुमच्या कागदात 'घाईमुळे' हा शब्द आहे, तो काढा. घाई सगळ्यांनाच होती. चूक झाली एवढंच लिहायचं, कारण लिहायचं नाही."

मी नवीन कागद घेतला आणि तो शब्द गाळून पुन्हा लिहिलं. ते उभेच होते. मी सही केल्यावर त्यांनी दोन्ही कागदांना टाचणी लावली आणि स्वतः आत नेऊन दिले.

साहेब चिडले ते चुकीपेक्षा मंजुरीवरून. मंजूर नकाशा बदलला तर सुधारित मंजुरी लागेल, ती वरून यायला वेळ जाईल, तोवर दुसरा हप्ता अडकेल, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. आम्हा दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. फीत न विचारता नेल्याबद्दल मला वेगळं बोलणं खावं लागलं. सुधारित नकाशा मी एका दिवसात काढला, माझ्या वेड्यावाकड्या आकड्यांवरून. या वेळी मुख्य आरेखकांनी भिंग घेऊन तो तपासला. त्यानंतर तो नकाशा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. पोळा गेला, दसरा गेला. मी रोज आवक नोंदवही पाहून येत असे. दिवाळीनंतर मंजुरी आली आणि त्या वाटेपुरता दोन्ही टोकांना बारा फूट चर बुजवला गेला. वाटेच्या दोन्ही बाजूंनी आतल्या अंगाला नवा चर काढला, म्हणजे वाटेवरून जाणारी ढोरं कुरणात शिरू नयेत.

गाय त्याच्या आधीच गेली होती. तालुक्याचा सहायक एकदा शीट द्यायला आला तेव्हा सहज बोलता बोलता म्हणाला, पोटातलं वासरूही वाचलं नाही. मग त्यानं पुढच्या गावाची शीट पसरली. मी त्याला थांबवून विचारलं की त्या बाईला काही भरपाई मिळते का. त्यानं सगळी परिपत्रकं आठवून पाहिली. मरतुकीसाठी काही तरी होतं, पण ते पुरात आणि विजेनं गेलेल्या जनावरांना. सरकारच्या चरात पडलेल्या गायीला कुठेच जागा नव्हती.

दुसरा हप्ता वर्षभर उशिरा आला. दुसऱ्या पेरणीची वेळ निघून गेली होती, त्यामुळे गवत काही भागात दाट आणि काही भागात तसंच विरळ राहिलं. तरी दोन पावसाळे गावानं अट पाळली. कापलेल्या गवताचे भारे घरोघरी गेले, असं सहायक सांगत असे. मुख्य आरेखक फेब्रुवारीत निवृत्त झाले. त्यांच्या सेवापुस्तकातली ती एक नोंद तशीच राहिली. निरोपाच्या वेळी मी पुढे जायला कचरत होते. त्यांनीच बोलावलं, घरचे कसे आहेत ते विचारलं, आणि आपल्या जागी कोण येणार याबद्दल बोलत राहिले.

त्यानंतर मी मोजणीच्या पथकात बदली मागितली. साहेब म्हणाले, बाईमाणसाला खेडोपाडी कुठे मुक्कामाला ठेवणार. मी दरवर्षी अर्ज देत राहिले. आई म्हणायची, सावलीतली नोकरी सोडून उन्हात कोण जातं.  टेबलाशी बसलं की प्रत्येक कागदाची प्रत्येक घडी मी नखानं उलगडून पाहायची, दोनदा, तीनदा, आणि तरी घरी गेल्यावर काही सुटलं असेल म्हणून झोप लागायची नाही. चौथ्या वर्षी माणसं कमी पडली, तेव्हा मला पथकात घेतलं. आता निदान वाट डोळ्यांनी दिसत होती. चित्त शांत झालं असं मात्र नाही. गावात पोचले की मी आधी जनावरं कुठून येतात आणि कुठे जातात ते विचारत सुटायची. बरोबरचे लोक वैतागायचे.

ऐंशीनंतर कधी तरी मी पुन्हा त्या गावात गेले. आता योजना वेगळी होती. संकरित गाई घेणाऱ्यांना अनुदान, त्यासोबत चाऱ्याचा तुकडा लावायचा, आणि त्या तुकड्याची मोजणी आम्ही करायची. कुरणाची बंदी केव्हाच उठली होती. कडेनं दोन-तीन ठिकाणी कोणी कोणी नांगर घातला होता, घायपात मात्र पुरुषभर उंच झालं होतं. पांदणीवर ताजे खूर होते.

ती घराच्या ओट्यावर बसली होती. केस पूर्ण पांढरे, काठी तीच की दुसरी कोण जाणे. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"आता काय देऊन राहिलं सरकार?"

मी सांगितलं. जर्सी गाय, तिचं दूध, चाऱ्याचा तुकडा.

"ते ढोर उनात टिकते काय?"

"सावली लागते. पाणी पण जास्त लागतं."

"मंग माह्या गवळाऊचं काय करू?"

योजनेत त्यांच्यासाठी काही नाही, असं मी सांगितलं. गावातल्या दोघा-तिघांनी फॉर्म भरून दिले होते. मी तिच्यासाठी आणलेला फॉर्म आणि शाईचं पॅड पिशवीतून काढलं. तिनं पॅड बाजूला सारलं.

"आधी वाचून दाखव. समदं. बारीक अक्षरातलं बी."

मी ओट्यावर तिच्या शेजारी बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ती प्रत्येक अटीला थांबवून अर्थ विचारत होती. सातव्या आणि नवव्या अटीला मलाच थांबावं लागलं. त्या मी त्याआधी कधी वाचल्या नव्हत्या. चाऱ्याच्या तुकड्यात पाच वर्षं दुसरं पीक घेता येणार नाही, असं त्यात होतं. सकाळपासून मी तीन माणसांचे अंगठे घेतले होते.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"बाकीच्यांकडे परत जावं लागेल मला."

"मंग जाय," ती म्हणाली. "माहा कागद कुठी पळून चालला."

मी फॉर्म तिच्या ओट्यावर ठेवला, वर दगड ठेवला, आणि उन्हात पहिल्या घराकडे निघाले.